पाणी भरले जाते

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर रचायची नवी पद्धत आली आणि माझी दहा वर्षांची अक्कल एका दिवसात जुनी झाली. तोवर आम्ही एकच प्रश्न विचारायचो: काय काय घडतं? प्रत्येक कामाचा गोल काढायचा, गोल बाणांनी जोडायचे. ते काम करतं कोण, हे त्या गोलात कधी लिहायचं नसे. नव्या पद्धतीत आधी विचारायचं, इथे कोण कोण आहे? मग एकेकाचं कार्ड करायचं. त्याला काय माहीत आहे, तो काय करतो, कोणाशी बोलतो.

शिकवणाऱ्या बाईंनी दोन दिवस पालथ्या घड्यावर पाणी ओतलं. शेवटी कंटाळून म्हणाल्या, "स्वतःच्या घरावर करून बघा."

घर म्हणजे शहराबाहेर आचोळ्यातला फ्लॅट, मी आणि बाबा. आई गेल्यावर मी त्यांना कोकणातून आणलं होतं आणि फार मोठं कर्तव्य केल्यासारखा निर्धास्त होतो.

रविवारी दुपारी बसलो. जुन्या पद्धतीनं घर पाच मिनिटांत झालं. पाणी येते, पाणी भरले जाते, डाळ शिजते, डबा भरला जातो. एकही बाण चुकला नाही, म्हणून स्वतःवरच खूश झालो.

मग कार्ड घेतलं आणि वर 'बाबा' लिहिलं. ते काय करतात हे लिहायला जागा पुरेना. भरलं जातं, शिजतं, ते सगळं त्यांच्याच हातचं होतं. मला लाज वाटली. त्यांना काय माहीत आहे? टँकरची वेळ. मला कारलं चालत नाही. मी चिडून आलो की काही विचारायचं नाही.

कोणाशी बोलतात? इथे पेन अडलं. गावी ते ओट्यावर बसले की वाटेनं जाणारा प्रत्येक जण थांबायचा. इथलं मला काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्यांना येऊन तीन वर्षं झाली होती.

बाबा मोरीपाशी पिंपाच्या तोंडाला फडकं बांधत होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही दिवसभर कोणाशी बोलता?"

माझ्या हातातलं कार्ड बघून त्यांना ते ऑफिसचं काम वाटलं असावं. नीट आठवून त्यांनी सांगितलं.

"टँकरवाल्याशी. तो एक दिवसाआड येतो."

मी रोज येत होतो.