सातव्या साच्याचा कोपरा

लाद्यांच्या शेडमध्ये त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच पडून असायचं. वीस वर्षं तो एकच काम करत आला होता. लोखंडी साच्यात ओतलेलं ओलं काँक्रीट, ज्याला शेडमध्ये नुसतं माल म्हणत, ते थापीने चारही कोपऱ्यांत सारायचं आणि वरून रंधा फिरवून सपाट करायचं. फूटपाथच्या लाद्या, जिन्याच्या पायऱ्या, गटारावरची झाकणं, सगळं त्याच्या थापीखालून गेलेलं. काम सोपं दिसायचं. ज्यांना सोपं वाटलं त्यांनी थापी हातात घेऊन पाहिली होती आणि अर्ध्या तासात परत केली होती.

शेडचा एक रिवाज होता. लादी सपाट झाली की माल ओला असतानाच तिच्या पाठीच्या, म्हणजे साच्यात वर राहणाऱ्या बाजूच्या, एका कोपऱ्यात पसरणाऱ्याने आपला अंगठा दाबायचा. पुढेमागे लादी तडकली तर ती उलटी करायची, अंगठा बघायचा आणि त्या माणसाला बोलावून सर्वांसमोर झाडायचं. रिवाज झाडण्यासाठी होता, पण उस्तादाने त्याचा मान करून टाकला होता. वीस वर्षांत त्याला एकदाही बोलावणं आलं नव्हतं. बायको आणि मुलीबरोबर बाजारात निघाला की मध्येच थांबून तो फूटपाथवर टाच आपटायचा. "ही माझी."

"कशावरून, बाबा?" मुलगी विचारायची.

"उलटी करून बघ."

घमेली वाहणाऱ्यांना मात्र अंगठा नव्हता. त्यांनी माल आणायचा, ओतायचा आणि बाजूला व्हायचं. त्याची बायको त्यांच्यातलीच एक. चौदा वर्षं ती त्याच्याच साच्यांवर घमेली ओतत होती. ती ओतायची, तो पसरायचा, अंगठा त्याचा. याबद्दल घरात कधी शब्द निघाला नव्हता. विषय आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

मग एके सकाळी तो गाडा आला.

चार चाकांचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. साच्यांच्या रांगेच्या दोन्ही अंगांना रूळ टाकून त्यावर तो चढवला. वर चौकोनी पेटी, तिच्यात माल. पेटीच्या बुडाला झडप, झडपेला दोन दांडे, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. जो दांडा जास्त दाबाल त्या बाजूने जास्त माल पडणार. खाली मागेपुढे सरकणारी लोखंडी फळी. गाडा साच्यावरून ढकलत न्यायचा, दांडे दाबायचे, माल पडतो आणि फळी तो पसरते. थापी नको, रंधा नको. उस्तादाने गाड्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ही आपली सवत आली."

"सवत यायची तर माझी यायला हवी," बायको म्हणाली. "तुम्हाला कशी आली?"

सगळे हसले. उस्तादही हसला. शेडमध्ये तो मनापासून हसला ते शेवटचं, पुढे बरेच दिवस नाही.

मालकाने अटी स्पष्ट सांगितल्या. गाडा पंधरा दिवस परीक्षेवर. जुळवणाऱ्या मिस्त्रीने आधी सहा साच्यांपुरते रूळ आणलेत, उरलेले चौदाव्या दिवशी येतील, तोवर बाकीचे चार साचे रिकामे, आणि त्या दिवशी दहाच्या दहा साचे गाड्यावर भरायचे. पंधराव्या दिवशी मी स्वतः लाद्या मोजणार. जाडी बरोबर आली तर गाडा राहील. एक जरी कमी भरली तर गाडा परत आणि थापी चालू. निकाल लागेपर्यंत कुणाचाच अंगठा नाही.

गाडा कोण चालवणार हे विचारायची गरज आहे असं उस्तादाला वाटलं नाही. त्या दिवशी तो दाढी करून आला होता. मिस्त्रीने रुळांवरून उतरत विचारलं, "एका साच्याला माल किती लागतो, कुणाला नेमकं माहीत आहे?"

"भरेपर्यंत," उस्ताद म्हणाला. "हाताला कळतं."

"मोठ्या साच्याला नऊ घमेली, नववं चार बोटं कमी," त्याची बायको मागून म्हणाली. "पायरीच्याला साडेसहा. माल पातळ असला तर पाव घमेलं वर."

मिस्त्रीने मालकाकडे पाहिलं, मालकाने मुकादमाकडे. आणि मुकादम म्हणाला, "वहिनी, तुम्ही या पुढे."

उस्तादाला साचे उघडून त्यांना तेल लावायला दिलं, लादी कोपरे न तुटता सुटावी म्हणून. एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्या हातात फडकं. वाकून वाकून तो साच्यांच्या कडा पुसायचा, आणि डोक्याशेजारून गाडा घरघरत जायचा. गाड्यामागे ती, ताठ उभी, हातात नवेकोरे हातमोजे.

तो जळायला लागला. दुसरा शब्द नाही त्याला. हातमोज्यांवर जळला, कारण वीस वर्षांत त्याला कुणी हातमोजे दिले नव्हते आणि त्याने मागितलेही नव्हते. मिस्त्री तिला समजावून सांगताना "बरोबर ना?" असं विचारायचा, त्यावर जळला. मुकादम आता "उस्ताद, माल कसा वाटतो?" असं न विचारता "वहिनी, कसा वाटतो?" असं विचारायला लागला, तेव्हा तर आणखीच जळला. सगळ्यात वाईट म्हणजे तिची मान. चौदा वर्षं घमेली वाहून संध्याकाळी तिची मान धरायची, आणि तिला मानेला हात लावून बसलेली पाहून त्याला वाईट वाटायचं. आता मान दुखेनाशी झाली, तर त्याचंही त्याला वाईट वाटू लागलं. हे मनात आलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली. लाज तासभर टिकली असेल.

घरी मुलगी रोज जेवताना गाड्याचंच विचारायची. "आई, वळवता येतो का गं तो? आई, मी येऊन फोटो काढू तुझा?"

"रुळावरून जाणारी गोष्ट वळते का कधी?" तो ताटात बघत म्हणायचा. "एखादं मांजरही ढकलेल तो."

"मग मांजराला दिला असता मुकादमाने," बायको म्हणायची आणि त्याला भाजी वाढायची.

पण उस्तादाच्या गाठीला एक गोष्ट होती, आणि तिच्या जोरावर तो तेलाचा डबा उचलत होता. सातवा साचा. तिथली जमीन नालीच्या बाजूला खचलेली होती. डोळ्याला दिसणार नाही इतकीच. माल नीट बसावा म्हणून साच्यांना खालून हादरे देत, तेव्हा सातव्यातला माल हळूच नालीकडे सरकायचा आणि भिंतीकडचा कोपरा बारीक व्हायचा. नवा असताना उस्तादाच्या सात-आठ लाद्या तिथे वाया गेल्या होत्या. मग हळूहळू हात बसला. हात इतका बसला की पुढे पुढे त्याला तिथे मुद्दाम माल ओढावाही लागेना, कोपरा आपोआप भरायचा. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. ते त्याचं कसब होतं. आणि गाड्याला कसलं आलंय कसब? गाडा सातव्यावरही सहाव्यासारखाच माल टाकणार, कोपरा बारीक राहणार, मालक मोजणार, सवत आल्या वाटेने परत जाणार.

त्यात बायकोचं तोंड पडेल हे त्याला कळत होतं. कळत असून तो दिवस मोजत होता.

तेराव्या दिवशी संध्याकाळी ती दारात बसून हातमोजे धूत होती. "उद्या पूर्ण रांग आहे," ती म्हणाली. "सहाच्या पुढचे साचे गाड्यावर पहिल्यांदाच. काही सांगायचंय का तुम्हाला?"

तो बुटांची नाडी सोडत होता. नाडीला गाठ बसली होती आणि त्याला बरंच झालं, मान खाली ठेवता आली.

"तुला काय सांगायचं?" तो म्हणाला. "तू आता ड्रायव्हर."

तिने हातमोजे पिळून दोरीवर टाकले.

चौदाव्या दिवशी दहा साचे उघडे मांडले होते. गाडा पहिल्यावरून निघाला. उस्ताद शेवटच्या साच्याजवळ फडकं घेऊन बसला होता. चौथा झाला, पाचवा झाला, सहावा झाला. सातव्याशी गाडा आला तेव्हा मात्र त्याला बघवेना. आपल्या चेहऱ्यावरून कुणी ओळखेल अशी भीती वाटली आणि त्याने तोंड फिरवलं. घरघर क्षणभर थांबली, पुन्हा सुरू झाली. त्याने पाहिलं तेव्हा ती आठव्यावर होती.

पंधराव्या दिवशी सकाळी त्यानेच साचे उघडले. लाद्या ओळीने उभ्या केल्या. पाठी कोऱ्या, एकीवरही अंगठा नाही. मालक मोजपट्टी घेऊन आला. पहिली मोजली, साठ मिलिमीटर. चौथी, साठ. दहावी, साठ. "बास," मालक म्हणाला आणि पट्टी खिशात घालायला लागला.

दहा लाद्यांतल्या तीनच मोजणार हे उस्तादाच्या हिशेबात नव्हतं. तो गप्प राहिला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण पंधरा दिवस गिळलेलं एकदम वर आलं.

"सातवी मोजा," तो म्हणाला.

मालक थांबला. "सातवीच का?"

"मोजा तर खरं. भिंतीकडचा कोपरा मोजा."

बायको गाड्याला टेकून उभी होती. तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि मग लादीकडे बघू लागली. मालकाने वाकून पट्टी लावली. भिंतीकडचा कोपरा साठ. नालीकडचा साठ. उरलेले दोनही साठ. मुकादमाला खरं वाटेना म्हणून त्याने स्वतः पुन्हा मोजलं. साठ.

"उस्ताद," मालक सरळ होत म्हणाला, "तू सातवीच का म्हणालास?"

आता खोटं बोलायलाही काही सुचेना. "तिथे जमीन खचलीय," तो म्हणाला. "माल नालीकडे सरकतो. कोपरा बारीक पडतो."

"आणि हे तू वहिनींना सांगितलं नव्हतंस?" मुकादम म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

उस्तादाच्या हातातल्या फडक्यातून तेल बुटावर ठिबकत होतं.

"सांगायची गरज नव्हती," बायको म्हणाली. "मला माहीत आहे ते. सातव्याचं नववं घमेलं मी पहिल्यापासून भिंतीच्या कोपऱ्यातच ओतत आलेय. काल तिथे थांबून त्या बाजूचा दांडा जास्त दाबला."

ती हे फुशारकीने म्हणाली नाही. मोठ्या साच्याला नऊ घमेली, हे सांगितलं होतं त्याच सुरात म्हणाली.

उस्तादाला सगळं एकदम दिसलं. सातव्यात मुद्दाम माल ओढावा लागेनासा झाला, ते साल त्याला आठवलं. ती कामाला लागली ते साल. कोपरा आपोआप भरत नव्हता. चौदा वर्षं कुणीतरी तो भरून ठेवत होतं, आणि त्यावर रंधा फिरवून हा अंगठा दाबत होता.

"गाडा राहील," मालक म्हणाला. "आणि वहिनी, उद्यापासून अंगठा तुमचा."

संध्याकाळी घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. मुलगी एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघून शेजारी अभ्यासाला निघून गेली. मग तो म्हणाला, "मला कधी बोलली नाहीस. सातव्याचं."

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, घमेली वाहणारीने मला शिकवू नये."

म्हणाला असता. हे त्यालाही माहीत होतं.

"मी चौदा वर्षं गप्प राहिले," ती म्हणाली, "ते तुमची लादी नीट यावी म्हणून. तुम्ही पंधरा दिवस गप्प राहिलात, ते कशासाठी?"

तिने वाट पाहिली, पाणी प्यायलं आणि उठली. नंतर त्याबद्दल ती कधीच बोलली नाही. रोजच्यासारखी बोलायची, भाजी वाढायची, मुलीच्या वह्यांचं, नळाच्या पाण्याचं सांगायची. तिने चारचौघांत तोंड टाकलं असतं तर तोही भांडला असता आणि फिटंफाट झाली असती. ती सोयही तिने ठेवली नाही.

कुणाला वाटेल, एवढं झाल्यावर त्याचा मत्सर विझला असेल. विझला नाही. उलट पक्का झाला. आधी तो गाड्यावर जळत होता, आता तिच्या चौदा वर्षांवर जळायला लागला. ज्या लाद्यांवर टाच आपटून "ही माझी" म्हणायचा त्यांच्यावरून चालताना तो आता बोलेनासा झाला. मुलीने एकदा आठवण करून दिली, "बाबा, ही तुमची ना?" तर म्हणाला, "चल पुढे, उशीर होतोय."

निकालाच्या तिसऱ्या सकाळी तो नेहमीसारखा साचे उघडत होता. ती लांब, पहिल्या साच्यापाशी, गाड्याच्या पेटीत माल भरून घेत होती. सातवी लादी त्याने साच्यातून काढली आणि पाठीकडून बघितली. भिंतीकडच्या कोपऱ्यात अंगठा होता. लहानसा, खोल, कडेपासून बरोबर दोन बोटं आत, जिथे तो वीस वर्षं दाबत आला होता तिथेच.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. त्याने फडक्याला हात पुसला आणि आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. मावला नाही. त्याने जोर लावला. नख पांढरं होईपर्यंत दाबला. पण माल कालचा होता, घट्ट झाला होता.

"अहो," तिकडून तिची हाक आली, "सातवा तयार करून द्या लवकर, गाडा भरलाय."

त्याने लादी भिंतीशी उभी केली, पाठ भिंतीकडे करून, आणि साच्याला तेल लावायला घेतलं. भिंतीकडच्या कोपऱ्याला त्याने दोनदा लावलं.