खाली कोणी नव्हतं

"तो हात काढ त्यातून."

साहेब खुर्चीत रेलून बसलेले. मी बाजूला उभी. स्क्रीनवर आमच्या पालिकेचा नवा रोबो, गटाराच्या चेंबरवर उभा केलेला, पिवळा, चकचकीत. फोटोच्या कोपऱ्यात चेंबरच्या काठाला धरलेला एक हात, कोपरापर्यंत घाणीने माखलेला. रोबोची साखळी चिंध्यांत अडकलेली. ती सोडवायला माणूस आत उतरलेला आणि तो वर येत होता.

मी म्हटलं, "सर, हे माझे काका आहेत."

केबिनमध्ये दोन इंजिनिअर होते. साहेब त्यांच्याकडे बघून हसले. "वा! म्हणजे घराणंच आहे यांचं. एक वर, एक खाली." ते दोघंही हसले. मग साहेब माझ्याकडे वळले, अगदी समजुतीच्या सुरात. "अगं, पुरस्काराला जाणारा फोटो आहे. बघणाऱ्याला किळस येता कामा नये."

मी हात कापला. दोन क्लिक. कोणी मान पकडली नव्हती माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळे मला बिचारी म्हणायला लागले. बिचारी वगैरे काही नव्हते मी.

मी कंत्राटी ऑपरेटर. तक्रारींच्या ॲपवर बसायचे. चेंबर तुंबला की लोक फोटो टाकतात, तक्रार लाल दिसते. काम झालं की काम कसं केलं तो रकाना मी भरायचा, तक्रार हिरवी होते. त्या रकान्यात दोन पर्याय होते. यंत्राने किंवा मनुष्यबळाने. पुरस्काराचा अर्ज भरायचा होता त्या आठवड्यात साहेबांनी दुसरा पर्याय उडवायला सांगितला. ॲपवाल्या कंपनीला तसा मेल मीच केला.

बाप लहानपणीच गेलेला. काकाने वाढवलं मला, मोहने गावातल्या चाळीत. कॉम्प्युटरच्या क्लासला स्वतः सोडायला यायचा, आणि वास येतो म्हणून खालीच थांबायचा. रोबोला तो पाहुणा म्हणायचा. "पाहुणा आलाय, फोटो काढा. पाहुणा दमला, आता आम्ही उतरतो." पण जीव होता त्याचा त्या मशीनवर. पाइप लावून स्वतः धुवायचा. "आज ना उद्या हा नीट चालंल बघ," म्हणायचा, "मग आपल्यातलं कोणी खाली जायचं नाय."

फोटो पेपरात आला तेव्हा त्याने विचारलं, "मी आलो का गं त्यात?"

"कडेला होतास काका. साईझमध्ये बसलं नाही."

"बरं झालं. बनियन फाटकी होती माझी."

पुरस्काराचा कार्यक्रम ठाणे शहरात होता, मोठ्या हॉलमध्ये. साहेब माइकवर म्हणाले, "आज आमच्या शहरात एकही माणूस चेंबरमध्ये उतरत नाही." टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत होते. मीपण वाजवल्या. लाज वाटते सांगायला, पण वाजवल्या.

काही महिन्यांत पाहुणा शेडमध्ये जाऊन पडला. पार्ट मिळत नव्हता. कामं थांबली नाहीत. तक्रार चोवीस तासांत हिरवी झाली नाही तर साहेबांच्या स्क्रीनवर जाते. म्हणून आमच्याकडे रीतच पडलेली, आधी तक्रार बंद करायची, काम मागाहून होतंच. मुकादम फोन करणार, मी बंद करणार.

त्या दिवशी सकाळी मुकादमाचा फोन आला. "मॅडम, चोवीस तास भरतायत. बंद करून टाका ना. माणूस उतरतोयच आता." मागून काकाचा आवाज आला. "पोरगी आहे का रे? सांग तिला, काकीने सुकट केलीय. जेवायला ये म्हणावं."

मी हसले. रकाना उघडला. एकच पर्याय होता. यंत्राने. दाबलं. हिरवं झालं.

अर्ध्या तासाने काकाला वर काढला. आत गॅस होता. दोरी नाही, मास्क नाही, काही नाही. हॉस्पिटलमध्ये त्याचे कपडे माझ्या हातात दिले. अजून झोप लागत नाही मला. भर दुपारी, टेबलावर बसलेली असते, फोन वाजतो आणि मागून तोच आवाज येतो. जेवायला ये म्हणावं. समोरचा भलतंच काहीतरी बोलत असतो. मी हो हो करत राहते.

पाचव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. 'सदर इसम चेंबरजवळून जात असताना तोल जाऊन पडला.'

मी म्हटलं, "सर, ते कामावर होते."

"नोंद बघ. तिथे यंत्र काम करत होतं. म्हणजे खाली कोणी नव्हतं. आणि नोंद तुझीच आहे." पेन पुढे केलं. "घरातली म्हणून तू सही केलीस की विषय संपला. तुला कायम करायचं मी बघतो. तुमच्या लोकांना शिकवलं, खुर्चीवर बसवलं. थोडी जाण ठेव."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मला काकांनी शिकवलं," मी म्हटलं. "गटारात उतरून. तुम्ही नाही."

बाहेर आले. कोरा कागद घेतला, हाताने लिहिलं. यंत्र बंद होतं. माणूस उतरला होता. खोटी नोंद मी केली, माझ्या हाताने, आणि आधीही बऱ्याच केल्या. काकाचा हात असलेला मूळ फोटो जोडला. आवक-जावकच्या खिडकीवर दिला. तिथला क्लार्क वाचून म्हणाला, "मॅडम, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेताय." मी म्हटलं, शिक्का मार. पोच घेऊनच हलले.

घरी येऊन काकीला सगळं सांगितलं. काकी रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "तू बंद कशाला केलीस गं?"

ती त्यानंतर माझ्याशी नीट बोललेली नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

मला कामावरून कमी केलंय. माझ्यावरच केस होईल म्हणतात. होऊ दे. चौकशीला बोलावतील तेव्हा मी जाणार. पहिलं माझं पाप सांगणार, मग त्यांचं. त्या साहेबाच्या तोंडावर, नाव घेऊन. माझा काका कामावर मेला, हे सरकारी कागदावर लिहून घेतल्याशिवाय मी मरणारसुद्धा नाही.