सरणासाठी राखलेली बाभूळ

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर मी भूमला घरामागं पत्र्याचं शेड टाकलं, एक जुनं लेथ मशीन आणलं आणि लाकूड कातायला लागलो. लाटणी, रव्या, मुसळं, पाळण्याचे खांब असलं काय काय करायचो. लाकूड मात्र बहुतेक जळणातून काढलेलं. धाब्यामागचे ढीग, वीटभट्टीवर उतरलेली ट्रॉली, रस्ता रुंद करताना पाडलेल्या चिंचा. ठोकल्यावर खणखणीत वाजणारा ओंडका भट्टीत जाताना बघितला की माझा जीव वरखाली व्हायचा. मी तो मागून घ्यायचो. भट्टीवाले हसायचे. बायको म्हणायची, "दुसऱ्यांच्या चुलीवर डोळा ठेवून फिरता तुम्ही."

येरमाळ्याच्या पलीकडं, रस्ता सोडून आत असलेल्या एका वस्तीवर असाच गेलो होतो. उन्हाळा सरत आला होता. कुणीतरी सांगितलं होतं की तिथं वादळात पडलेली एक जुनी बाभूळ आहे. घर ओढ्याच्या पल्याड, गावाला आणि डांबरी रस्त्याला जायचं तर ओढा ओलांडून. घरात दोनच माणसं होती. ऐंशीच्या पुढचा म्हातारा आणि त्याची विधवा सून. गोठ्यामागं पत्र्याखाली बाभळीचे ओंडके नीट रचून ठेवले होते. कापलेल्या तोंडाला लालसर काळा गाभा दिसत होता. दोन उन्हाळे खाल्लेलं, चिरा न पडलेलं लाकूड. मी तिथंच उकिडवा बसलो आणि त्यावरून हात फिरवत राहिलो.

सून गोठ्याच्या दारात उभी होती. म्हणाली, "ती राखून ठेवल्याली हायती."

"कशासाठी?"

बाजेवरून म्हातारा हसत म्हणाला, "माज्यासाठी ठिवलीत. म्याच सांगितलं व्हतं. मागं कुणाला धावाधाव नगं."

मला कळलं. तिथूनच उठून यायला हवं होतं. पण मी पिशवीतून बाभळीचंच एक लाटणं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हातारबाबांनी ते उलटंसुलटं केलं, गालाला लावलं.

"बाभळीचं हाय व्हय हे? इतकं गुळगुळीत?"

"बाबा, असलं लाकूड आता मिळत नाही. ह्याचा पाळणा केला तर तीन पिढ्या टिकेल."

पाळणा हा शब्द मी सहज बोललो असं पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. खरं तर ओसरीवर बाळंतविड्याची बांधाबांध मी आल्याआल्याच पाहिली होती. त्यांची नात पहिल्या बाळंतपणाला येणार होती.

म्हातारबाबांनी लाटणं मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "जाळून तरी काय, राखच व्हनार. घिऊन जावा तुमी. पोरीला पाळना करा, बाकीचं तुमाला."

"त्याच्या बदल्यात मी लिंबाची वाळली लाकडं आणून टाकतो. पावसाच्या आधी."

"टाका की. मी काय आत्ताच चाललो व्हय?"

सून काहीतरी बोलायला पुढं आली होती. मी तिच्याकडं पाठ करून टेम्पोवाल्याला फोन लावत होतो.

लाकूड घरी आलं. टोकांना रंग फासून सावलीत ठेवलं. पहिला खांब लेथवर चढवला तेव्हा पटाशीखालून गडद तांबड्या कुरळ्या ढलप्या निघत होत्या आणि मी एकटाच खूश होऊन हसत होतो. लिंबाची लाकडं नेऊन टाकायची राहिली. आधी लग्नसराईची कामं आली, मग टेम्पोवाला गावाला गेला. विचारणाऱ्यांना सांगायला ही कारणं ठीक होती. खरं कारण इतकंच की माझ्या हातात लाकूड आलं होतं आणि माझी निकड संपली होती.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस थांबायलाच तयार नव्हता. रस्ते उघडल्यावर मी तयार पाळणा घेऊन वस्तीवर गेलो. ओसरीवर झोळीत बाळ झोपलं होतं. बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. गोठ्याला छप्पर नव्हतं, नुसत्या भिंती उभ्या होत्या.

"बाबा कुठं गेले?" मी विचारलं.

"गेले," सून म्हणाली. "पंधरा दीस झाले."

पाळण्याची दोरी माझ्या हातातच राहिली. तिनं मला बसायला पाट दिला आणि समोर बसून सगळं सांगितलं, आवाज न चढवता. सहा दिवस पाऊस चालला होता. ओढ्याला पाणी, त्यामुळं गावातून माणसं कशीबशी आली, पण लाकडांची गाडी काही येईना. आजूबाजूच्या वस्त्यांवर होतं नव्हतं ते जळण भिजलेलं. शेवटी पुरुषमाणसांनी गोठ्याचं छप्पर उतरवलं, त्याचे वासे, आढं सगळं नेलं. वरून डिझेल ओतलं.

"दोन येळा पेटवावं लागलं," ती म्हणाली. "सकाळी परत गेले लोकं. मला कुणी सांगत नव्हतं, पर कळलं मला."

मी म्हणालो, "ताई, माझ्याकडं अजून निम्मे ओंडके तसेच आहेत. उद्याच आणून टाकतो."

"आता कशाला?"

तरी मी दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून नेले. लिंबाचीही एक खेप टाकली. तिनं नको म्हटलं नाही. आत बाळाच्या अंघोळीला पाणी तापवायचं होतं. तिनं टेम्पोवाल्याकडून एक ओंडका फोडून घेतला आणि चुलीत सारला. चांगलं वाळलेलं होतं, लगेच धरलं. माझ्या नजरेसमोर ते जळत होतं आणि पहिल्यांदाच मला ते वाचवावंसं वाटलं नाही.

तिनं चहा केला. पेला माझ्या पुढं ठेवत म्हणाली, "तुमी मुद्दाम न्हाय केलं, ते मला ठाव हाय. मामंजीनी आपल्या मनानं दिलं. पर घरात त्येंच्या मागं सगळं निस्तरायला मीच व्हते की. त्या दिशी मी नगं म्हननार व्हते. मला कुनी इचारलंच न्हाय."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या आलं, आणि त्याची मला लाज वाटली.

लेथ मी बंद केलं नाही. लाकूड मागायला अजूनही फिरतो. फरक एवढाच पडला की आता कुणाच्या घरी गेलो की ओंडक्यांकडं आधी बघत नाही. बोलणाऱ्या माणसाच्या मागं दारात कोण उभं आहे ते बघतो, आणि त्यांना विचारतो. पुष्कळदा नाही म्हणतात. मग मी रिकाम्या हातानं एसटी धरून घरी येतो.