वहिनीच्या चिठ्ठीवरचा शब्द

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. केशोरीजवळच्या आमच्या घरात आई, दादा, वहिनी आणि मी. इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच, आणि त्याचा मला तोरा होता.

त्या पावसाळ्यात रोवणा सुरू झाला आणि वहिनीचे हातपाय दुखायला लागले. चिखलात वाकून तासभर धान रोवले की ती बांधावर येऊन बसायची, गुडघे पोटाशी घ्यायची. सूज नाही, ताप नाही. दोन दिवसांनी बरी व्हायची, आठवड्याने परत तेच. आई म्हणायची, "रोवणा आला का हिचं दुखते. सोंग करून राहिली."

शेवटी दादा तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. संध्याकाळी परतल्यावर त्याने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "का लिवलं आहे, पाह्य बरं."

गोळ्यांची नावं कळली, एक शब्द अडला. मॅलिंगरिंग. मोबाइलवर शोधला. त्या शब्दाआधी डॉक्टरने प्रश्नचिन्ह काढले होते. त्यालाही नुसती शंकाच होती. मी ते सांगितलेच नाही. अर्थ सापडल्याच्या आनंदात मोठ्याने म्हणालो, "काम टाळाले बिमारीचं नाटक करणं." वर आणखी शहाणपण, "फौजेतले शिपाई ड्युटी टाळाले करतात ना, त्यालेच म्हणतात."

वहिनी चुलीपाशी भात वाढत होती. तिने वर पाहिले नाही.

"पाह्य," आई म्हणाली, "डॉक्टरले बी समजलं."

दुसऱ्या दिवशी वहिनी सगळ्यांच्या आधी शेतात उतरली. त्यानंतर तिची तक्रार कधी ऐकू आली नाही. एकदा गोठ्यामागे ती पदर दातात धरून बसलेली दिसली.

"वहिनी, दुखून राहिलं का?"

"नाही भाऊजी. मी का नाटक करतो का?"

आवाजात राग नव्हता.

हिवाळ्यात आरोग्य केंद्राची माणसं गावात रक्त तपासायला आली. वहिनीला सिकलसेल निघाला. नर्सबाईंनी समजावले, यात हाडं आतून ठणकतात, बाहेर काहीच दिसत नाही. थंड पाण्यानं, कष्टानं जास्त होते. आई ऐकत राहिली. दुसऱ्या सकाळपासून वहिनीच्या आंघोळीचे पाणी तीच तापवू लागली. दादा गोळ्या आणायचा. पण कोणी कितीही विचारले तरी वहिनी "बरी आहो" एवढेच म्हणायची.

दोन वर्षांनी तिच्या छातीत दुखू लागले. तीन दिवस तिने कोणाला कळू दिले नाही. चौथ्या दिवशी श्वास पुरेना, तेव्हा आम्ही गाडी केली. गोंदियाला पोहोचायच्या आधीच ती गेली.

तेरवी झाल्यावर दादा अंगणात बसून म्हणाला, "एक डाव तरी म्हणाचं होतं तिनं, दुखते म्हणून."

मी शेजारीच होतो. चिठ्ठी कोणी वाचली होती, हे त्याच्या लक्षात नसावे. मी आठवण करून दिली नाही. आजवर नाही.