चूलबंद आवतन

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर पाट्या लागलेल्या, आत खुर्च्या यायच्या होत्या. माझंही तसंच; नांदेडहून समाजसेवेला आलो तो गळ्यात भोंगा अडकवून, डोकं रिकामंच. दुष्काळ होता. आम्ही मित्रांनी एका गावात शाळेसमोर खिचडीचं मोठं पातेलं चढवलं आणि मी गल्लोगल्ली ओरडत फिरलो, "ज्यांच्या घरी चूल पेटत नाही अशा गरीब, उपाशी लोकांनी जेवायला यावं!"

थोड्याच वेळात गावभर धूर. दिवाळीतही एवढ्या चुली पेटल्या नसतील. पातेल्यापाशी आलं फक्त एक कुत्रं, तेही हुंगून गेलं.

मला वाटलं, गाव सुखी दिसतंय. खात्री करायला (हो, खात्री!) गावाच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या दारात गेलो. चुलीवर भगुनं, त्यावर झाकण, आत रटरट.

"ये लेकरा, जेवूनच जा."

ही आपली बोलायची रीत. मी मात्र मांडी ठोकून बसलो.

म्हातारीचा चेहरा उतरला. "जरा शिजू दे," म्हणाली, पण झाकणाला हात लावेना. वाफेला कशाचाच वास नव्हता. आत नुसतं पाणी होतं. माझ्या ओरडण्यापायी तिनं होतं नव्हतं ते सरपण जाळलं होतं, आणि उपाशी ती उपाशीच.

आता उठावं कसं? तोंडातून निघून गेलं, "आजी, मी जेवायला न्हाई, आवतन द्यायला आलोय. चूलबंद!" म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरी चूल पेटवायचीच नाही.

"कशाचं रं?"

"माझं लग्न ठरलंय."

"तुझं?" तिनं मला खालवर न्याहाळलं. "पोरीनं बघितलंय का तुला?"

"हाव."

"मंग यावंच लागंल."

भोंगा काढून ठेवला आणि हात जोडत घरोघर फिरलो. धूर विझले. गाव ताटं घेऊन आलं. म्हातारी पहिल्याच पंगतीला बसली, दोनदा वाढून घेतलं. नवरी भोकरची म्हटल्यावर "लई लांब केलास की" म्हणून हळहळलीसुद्धा.

पातेलं तर रोज चढायचं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेसमोर म्हातारी माझ्याआधी हजर.

"आज काय रं? साखरपुडा?"

"हाव आजी, साखरपुडा."

"मंग मीठ जरा जास्त घाल. कालचं लई अळणी झालतं."