दुसऱ्याचा कोट

चाचा वाद घालायला उभे राहिले की आधी दुसऱ्याचा कोट अंगात घालायचे. तेव्हाच्या औरंगाबादेत हायकोर्टाचं खंडपीठ आलं, तेव्हापासून ते वकिलांचे काळे कोट शिवत. एकाच बाहीचा, पांढऱ्या कच्च्या टाक्यांनी भरलेला कोट चढवून ते स्वतःला न पटणारी बाजू मांडत. कोट काढला की मग आपलं बोलत. "पयले सामनेवाले के कंधे में घुसना," म्हणायचे, "मग आपलं तोंड उघडायचं."

शहागंजच्या त्यांच्या दुकानात मी काज-बटणं आणि हातशिलाई करायची. आठवीतून शाळा सुटलेली, अजिंठ्याकडची, शहराला बिचकणारी. आता इथं सुरतेत दुपारी इस्त्रीची वाफ वर गेली की मला तेच दुकान दिसतं. उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी खडूची धूळ, आणि त्या धुळीत एका बाहीचे चाचा.

एका उन्हाळ्यात आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकानं पाण्याचा सरकारी टँकर मुलीच्या लग्नाला चितेगावला नेला. गल्लीतले हंडे कोरडे राहिले. चौकशी लागली. टँकर चालवणारा माझा नवरा होता, रोजंदारीवरचा. आणि ते काम नगरसेवकानंच लावून दिलेलं. 'मी आपणहून गेलो' असं लिहून दे, असा त्याचा निरोप आला. नवरा दोन दिवस नीट जेवला नव्हता. हे मी फक्त चाचांना सांगितलं होतं.

दुकानात वाद पेटलाच. शेजारचे पानवाले बाबुराव गरजले, "सरळ सत्तेचा गैरवापर हाय!"

चाचांनी कोट चढवला.

"आले जजसायेब!" बाबुराव म्हणाले.

"डिझेल त्यानं पदरचं घातलं का नाय? लेकीचं लग्न व्हतं. तुमच्या पोरीच्या लग्नात शाळेच्या सतरंज्या आल्या व्हत्या, बाबुराव. चूक म्हणा. पण गैरवापर?"

बाबुराव गडबडले. "मंग… चूकच म्हणू. सोडा."

चाचांनी कोट काढून खुंटीला लावला. "आता माझं. एकच सवाल हाय. टँकरवाल्याला नाय म्हणता आलं असतं का?"

"त्याला कोण इचारतंय!" बाबुराव हसले.

चाचा माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या सुईतला दोरा निसटला.

"नसतं आलं," मी म्हणाले. तीन वर्षांत त्या दुकानात मी वादात तोंड घातलं ते एवढंच.

"मग ती चूक नाय राहिली," चाचा हळूच म्हणाले. "ज्याला नाय म्हणता येत नाय, त्याला सांगितलं की ती सत्ता झाली."

संध्याकाळी ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले. रोज कामावर येताना मी त्यांच्या घरून त्यांचा डबा आणत असे. "बेटा, डब्याला तुला नाय म्हणता आलं असतं?"

"काहीतरीच काय, चाचा!" मी हसले. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गुडघा धरत स्वतः डबा आणू लागले. मला रागच आला. एवढंसं काम, आणि मला ते आवडायचं. पण ऐकतील तर चाचा कसले!

नवऱ्यानं खरं ते लिहून दिलं. महिन्याभरात त्याची रोजंदारी बंद झाली. नगरसेवक पुन्हा निवडून आला म्हणे. आम्ही सुरतेची गाडी धरली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा चाचांच्या अंगात कोट होता. तो त्यांनी आधी काढला, नीट घडी घातली, आणि मग नवऱ्याचा हात हातात घेतला. "शाबास, बेटा."

चाचा गेल्याचं बाबुरावांच्या फोनवरून कळलं.

आता इथं शिवणकामाला माझ्या हाताखाली अकरा बाया आहेत. वरचं काही काम सांगितलं की मी शेवटी म्हणते, "नाय म्हणायचं असलं तर म्हण हं." त्या हसतात आणि करून टाकतात. वर्षानुवर्षं हेच. परवा एकीला माझ्या नातवाचं झबलं शिवशील का, विचारलं. मशीनवरची मान वर न करता ती म्हणाली, "आज नाही जमणार, ताई."

क्षणभर झोंबलं. मग वाटलं, धावत शहागंजला जावं आणि चाचांना सांगावं.