आत्याचा तळहात

कारखान्यात मासळी साफ झाली की खवले उरतात. पूर्वी ते खड्ड्यात पुरत. आता ते धुऊन, जाळीवर वाळवून, पोत्यांत भरून जहाजाने परदेशी जातात. तिथे त्यांची पूड होते आणि ती घातलेलं मलम बायका चेहऱ्याला चोपडतात म्हणे. आत्याला हे कधीच खरं वाटलं नाही. जगात वेडे काय कमी आहेत, असं म्हणत तिने इथे पंचवीस वर्षं काढली.

तिचं काम एकच. तोंड शिवण्याआधी प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळहात हुंगायचा आणि "जाऊ दे" किंवा "परत जाळीवर" म्हणायचं. ओल राहिली तर वाटेत अख्खा कंटेनर कुबटतो आणि तसाच माघारी येतो. तिने पाठवलेला एकही आला नव्हता. मुकादमसुद्धा तिच्यापुढे आवाज चढवत नसे. घरी मात्र भावजय नाक मुरडायची. तीही तिथेच पोती शिवायची, तरी म्हणायची, "वन्सं, दोनदा साबण लावा आणि मग जेवायला बसा."

दोन महिन्यांपूर्वी आत्याला ताप आला. ताप उतरला, पण वास येणं कायमचं बंद झालं. शेजारी दूध करपलं तरी तिला पत्ता नाही. तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर आपल्याला इथे कोण विचारणार? ती आपली तळहात नाकाशी नेऊन अंदाजपंचे "जाऊ दे" म्हणत राहिली. ऊन कडक होतं म्हणून निभावलं. लाज वाटायची, भीती त्याहून जास्त.

मग आठवडाभर आभाळ आलं. कंटेनर दारात उभा होता, निम्मी पोती चढली होती. भावजयीची सुई थांबली.

"वन्सं, याला वास मारतोय," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला येत नाही?"

"तुला काय कळतंय" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. आत्याने मुकादमाला हाक मारली.

"सगळी पोती खाली उतरवा. माझं नाक गेलंय. दोन महिने झाले."

मुकादमाने पोती उतरवायला लावली. "मग आता पोती कोण बघणार, आत्या?"

भावजयीने सुई बाजूला ठेवली आणि उतरवलेलं पहिलं पोतं पुढ्यात ओढून त्याची शिवण उसवली.

"घाला हात. ओल कुठे लपते ते तुम्हालाच ठाऊक."

आत्याने हात खुपसला, काढला आणि सवयीने स्वतःच्या नाकाशी नेला. भावजयीने तिचं मनगट धरलं, तळहात आपल्याकडे ओढला आणि त्यावर नाक टेकवून खोल श्वास घेतला.

"परत जाळीवर," ती म्हणाली.